व्होल्टेज नेमका कोणत्या दोन बिंदूंमधला?

न्हाणीघरातल्या गिझरच्या पाटीवर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ एवढेच छापलेले असते. या दोन आकड्यांवरून त्या गिझरची बरीच माहिती काढता येते. शक्तीला विभवांतराने, म्हणजे व्होल्टेजने, भागले की विद्युतधारा मिळते, ती ८.७ अँपिअर. विभवांतराला त्या धारेने भागले की रोध मिळतो, तो २६.४५ ओहम. महाराष्ट्रात नववीला ‘धाराविद्युत’ आणि दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ ही प्रकरणे असतात, आणि हा भागाकार ज्याला जमत नाही असा विद्यार्थी माझ्या अकरावी-बारावीच्या वर्गात क्वचितच येतो. तरीही हेच विद्यार्थी घरातल्या एखाद्या उपकरणावर मल्टिमीटर लावून आकडे घेतात, तेव्हा उत्तर जुळत नाही आणि ‘पुस्तकातले वेगळे, प्रत्यक्षातले वेगळे’ अशी समजूत करून घेऊन ते वही मिटतात. मला ही समजूत मुळीच मान्य नाही. सूत्र दोन्हीकडे एकच असते. भागाकार करण्यापूर्वी हा व्होल्टेज कोणत्या दोन बिंदूंमधला आहे आणि ही धारा त्याच दोन बिंदूंमधून वाहते आहे का, एवढे विचारायचे राहून गेलेले असते.

या प्रश्नावाचून किती घोटाळा होतो याचे उदाहरण मला दरवर्षी वर्गात भेटते. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. त्यात ओहमचा नियम घातला की दोन रूपे निघतात. पहिल्यात शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, तर दुसऱ्यात शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. एखादी चौकस विद्यार्थिनी लगेच विचारते, की पहिल्या सूत्राप्रमाणे रोध वाढला तर उष्णता वाढते आणि दुसऱ्याप्रमाणे रोध वाढला तर उष्णता कमी होते, मग खरे कोणते? प्रश्न अतिशय चांगला आहे आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. घरातली उपकरणे एकमेकांना समांतर जोडलेली असतात आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना जवळपास सारखेच २३० व्होल्ट मिळतात. तिथे दुसरे सूत्र सोयीचे पडते, आणि ज्याचा रोध कमी तो जास्त शक्ती घेतो. म्हणूनच २००० वॅटच्या गिझरचा रोध १००० वॅटच्या इस्त्रीपेक्षा निम्मा असतो. पण गिझरपर्यंत जाणारी वायर, मधला स्विच, सॉकेट आणि त्यात खोचायचा प्लग म्हणजे पिनटॉप हे सगळे गिझरशी एकसरीत असतात, त्यांच्यातून वाहणारी धारा एकच असते, आणि ती धारा किती असावी हे प्रामुख्याने गिझर ठरवतो. तिथे पहिले सूत्र लावायचे, आणि ज्या ठिकाणी रोध जास्त त्या ठिकाणी उष्णता जास्त. एकाच परिपथात दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात.

मला या संदर्भात खुद्द ओहमचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. जॉर्ज सायमन ओहम हे कोलोन येथे शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. सुरुवातीला त्यांनी व्होल्टाच्या पद्धतीचे विद्युतघट वापरले. परंतु त्या घटांचा जोर प्रयोग चालू असतानाच घसरत जाई आणि मोजमापे एकमेकांशी जुळत नसत. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांच्या जोडाचे तापविद्युत युग्म घेतले, त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून धारेचा परिणाम मोजला. तापमानातला फरक स्थिर, म्हणून विभवांतर स्थिर. मग त्यांनी सारख्या जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून पाहिल्या. १८२६ साली त्यांनी मांडलेल्या सूत्रात चुंबकीय परिणाम म्हणजे एक स्थिरांक भागिले एक बेरीज असे होते. त्या बेरजेत तपासणीच्या तारेची लांबी होती, आणि तिच्या जोडीला आणखी एक स्थिर संख्या होती. ती स्थिर संख्या म्हणजे उरलेल्या परिपथाचा, युग्माचा आणि जोडण्यांचा रोध. शाळेत आपण जे सूत्र शिकतो त्यात ही दुसरी संख्या दिसत नाही, कारण तिथे विभवांतर रोधकाच्या अगदी दोन टोकांशीच मोजले आहे असे गृहीत असते. ओहम यांनी मात्र ती या सूत्रात हिशेबात धरली होती. पुढे १८४१ साली रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले, आणि त्याच वर्षी जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या लेखातले सगळे गणित या दोघांच्या कामावर उभे आहे.

आता गिझरकडे परत येऊ. त्याच्या एलिमेंटमधली तार निक्रोमसारख्या मिश्रधातूची असते आणि तिचा रोध तापमानाबरोबर फार थोडा बदलतो, म्हणून २६.४५ ओहम हा आकडा सर्व व्होल्टेजना जवळपास तसाच धरायला हरकत नाही. पाटीवरचे २००० वॅट मात्र केवळ २३० व्होल्टलाच खरे असतात. घरात २०० व्होल्ट येत असतील, तर धारा ७.५६ अँपिअर होते आणि शक्ती १५१२ वॅट. संध्याकाळी १८० व्होल्टपर्यंत दाब खाली गेला, तर धारा ६.८ अँपिअर आणि शक्ती सुमारे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी कमी झाला आणि शक्ती ३९ टक्क्यांनी, कारण इथे विभवांतराचा वर्ग आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला जवळजवळ २२ लाख ज्यूल, म्हणजे ०.६१ युनिट ऊर्जा लागते. पूर्ण व्होल्टेज असताना हे काम सुमारे १८ मिनिटांत होते, तर १८० व्होल्टला त्याला अर्धा तास लागतो. दोन्ही वेळा मीटरवर युनिटे जवळपास तेवढीच चढतात. किंबहुना पाणी जास्त वेळ तापत राहिल्याने टाकीच्या भिंतीतून निसटणारी उष्णता वाढते आणि किंचित जास्तच खर्च होतो. व्होल्टेज कमी असला की बिलही कमी येते, हा समज गिझरच्या बाबतीत टिकत नाही.

दिव्याच्या बल्बची गोष्ट वेगळी आहे, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावी असे मला मनापासून वाटते. जुना १०० वॅटचा टंगस्टनचा बल्ब अजून कुठे मिळाला, तर तो होल्डरमधून काढून, थंड असताना, मल्टिमीटरच्या ओहम पट्ट्यावर त्याचा रोध मोजावा. तो ४० ओहमच्या आसपास भरतो. पाटीवरून काढलेला रोध मात्र २३० च्या वर्गाला १०० ने भागून ५२९ ओहम येतो. मोजलेले ४० ओहम हेच खरे धरून शक्ती काढली तर ती १३०० वॅटपेक्षा जास्त निघते, जे उघडच अशक्य आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक थंड तारेचा आहे आणि दुसरा अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेल्या तारेचा. विभवांतराला धारेने भागून येणारा आकडा म्हणजे त्या क्षणीचा, त्या तापमानाचा रोध. तो आकडा कोणत्याही वस्तूसाठी कोणत्याही क्षणी काढता येतो. ओहमचा नियम याच्या पुढे जाऊन असे सांगतो, की तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम राहिली तर हा भागाकार विभवांतर बदलले तरी बदलत नाही. बल्बमध्ये ती अटच पाळली जात नाही. म्हणूनच बल्ब बहुधा बटण दाबण्याच्या क्षणी जातो. त्या क्षणी थंड तारेतून नेहमीच्या कितीतरी पट धारा वाहते.

माझ्या घरी गेल्या हिवाळ्यात गिझर चालू केला की न्हाणीघरातला दिवा किंचित मंद व्हायचा. दुर्लक्ष करावे इतकाच तो फरक होता, पण वर्गात जे शिकवते ते घरात लावून पाहण्याची ही उत्तम संधी होती. ओळखीच्या अनुभवी वायरमनना सोबत घेतले, कारण चालू प्रवाहावर बोर्ड उघडून मोजमाप करणे हे त्यांच्याच हाताचे काम आहे. गिझर बंद असताना त्याच्या पिनटॉपच्या आतल्या स्क्रूंवर २२८ व्होल्ट होते. गिझर चालू केल्यावर तिथेच २१९ व्होल्ट राहिले, आणि वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या क्लॅम्प मीटरने धारा ८.३ अँपिअर दाखवली. २१९ ला ८.३ ने भागले तर २६.४ ओहम येतात. पाटीवरून काढलेल्या रोधाशी हे उत्तम जुळते, म्हणजे गिझरमध्ये काही दोष नव्हता. आता लक्ष द्यायचे ते नाहीशा झालेल्या ९ व्होल्टकडे. हे ९ व्होल्ट वाटेतल्या वायरी, जोड आणि संपर्क यांच्या दोन टोकांमधले विभवांतर होते, आणि त्यांच्यातूनही तेच ८.३ अँपिअर जात होते. म्हणून वाटेचा एकूण रोध ९ भागिले ८.३, म्हणजे साधारण १.०८ ओहम, आणि वाटेत वाया जाणारी शक्ती ९ गुणिले ८.३, म्हणजे सुमारे ७५ वॅट. गिझर स्वतः २१९ गुणिले ८.३, म्हणजे सुमारे १८१८ वॅट घेत होता. दोन्हींची बेरीज २२८ गुणिले ८.३ एवढीच येते, आणि अशी बेरीज जुळली की आकड्यांवर विश्वास बसतो.

पंचाहत्तर वॅट कुठे जात आहेत हा पुढचा प्रश्न होता, आणि तो सोडवायला पुन्हा तेच करायचे होते: मोजमापाचे बिंदू एकमेकांजवळ आणत जायचे. मेन स्विचपाशी गिझर बंद असताना २२८ आणि चालू असताना २२५ व्होल्ट होते. म्हणजे खांबावरून घरापर्यंतच्या सर्व्हिस वायरमध्ये आणि त्यापलीकडे ३ व्होल्ट पडत होते, आणि घराच्या आत ६. मेनपासून न्हाणीघरापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सुमारे १८ मीटर गेलेली आहे. जाणारी आणि येणारी धरून ३६ मीटर. अशा वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो, म्हणून ३६ मीटरचा ०.२७ ओहम, आणि ८.३ अँपिअरला तिच्यात पडणारे विभवांतर सुमारे २.२ व्होल्ट. हे रास्त आहे. एवढी वायर एवढे घेणारच. पण मग जवळजवळ ४ व्होल्टचा हिशेब उरतो. वायरमननी स्विचच्या दोन टोकांमध्ये आणि एमसीबीच्या दोन टोकांमध्ये, ती चालू असताना, मोजले. तिथे मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास होते. सॉकेटच्या मागचा स्क्रू आणि पिनटॉपच्या आतला स्क्रू या दोहोंमध्ये मात्र, फेजच्या बाजूला, ३.२ व्होल्ट निघाले.

३.२ भागिले ८.३ म्हणजे ०.३९ ओहम. गिझरच्या २६ ओहमपुढे हा रोध दीड टक्का देखील नाही, आणि म्हणूनच तो गिझरच्या कामात कुणाला जाणवत नव्हता. पण ३.२ गुणिले ८.३ म्हणजे २६ वॅटहून अधिक उष्णता पितळी पिन आणि सॉकेटची पट्टी जिथे टेकतात त्या काही चौरस मिलिमीटर जागेत निर्माण होत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न असते आणि तिच्या टोकाशी शिसे-कथलाचा डाख वितळतो. तेवढीच उष्णता आमच्या सॉकेटमध्ये रोज सकाळी सोडली जात होती. सॉकेट उघडल्यावर आतले प्लॅस्टिक तपकिरी झालेले आणि पट्टीचा ताण गेलेला आढळला. सॉकेट आणि पिनटॉप दोन्ही बदलल्यावर गिझर चालू असताना त्याच ठिकाणी २२२ व्होल्ट मिळू लागले आणि धारा ८.४ अँपिअर झाली.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की सैल संपर्काचा धोका एमसीबीला कळत नाही. १६ अँपिअरची एमसीबी धारा जास्त झाली तरच तुटते. इथे धारा उलट किंचित कमीच झाली होती, कारण परिपथातला रोध वाढला होता. शिवाय हा दोष स्वतःला वाढवत नेतो. संपर्क तापला की धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि पट्टीची स्प्रिंग मऊ पडते, त्याने रोध वाढतो, आणि धारा जवळपास तीच असल्याने उष्णता त्याच प्रमाणात वाढते. ज्यांच्या घरात गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी किंवा एसी आहे त्यांनी उपकरण पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर ते बंद करून पिनटॉप काढावा आणि तो हाताला गरम लागतो का एवढे तरी पाहावे. कोमट लागला तर फारसे काही नाही, पण बोट टेकवत नसेल तर वायरमनला बोलवायला उशीर करू नये.

मोजमापाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मल्टिमीटरची तार अँपिअरच्या खोबणीत असताना तो सॉकेटला लावणे म्हणजे सरळ शॉर्टसर्किट करणे होय. अँमीटरचा रोध नगण्य असतो, आणि त्याला २३० व्होल्ट दिले तर काय होईल हे वरच्याच सूत्रावरून कळते. घरातल्या वीजप्रवाहासाठी क्लॅम्प मीटरच वापरावा, आणि त्याचा चिमटा फक्त फेजच्या किंवा फक्त न्यूट्रलच्या वायरीभोवती लावावा. संपूर्ण केबलभोवती लावला तर दोन्ही धारांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. दुसरी सूचना वजाबाकीविषयी आहे. २२८ मधून २१९ वजा करणे म्हणजे दोन मोठ्या, जवळच्या संख्यांमधला छोटा फरक काढणे होय, आणि त्यात प्रत्येक संख्येतली अर्ध्या व्होल्टची चूकही महाग पडते. त्यातच बाहेरचा व्होल्टेज शेजाऱ्यांच्या भारानुसार सतत हलत असतो. म्हणून उपकरण आलटून पालटून चालू-बंद करून अनेक नोंदी घ्याव्यात आणि त्यांची सरासरी काढावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मीटरची दोन टोके थेट संशयित भागाच्याच दोन बाजूंना लावणे, मग ३.२ व्होल्ट हे ३.२ म्हणूनच मोजले जातात, वजाबाकीची गरजच राहत नाही.

आतापर्यंत मी विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती असे बिनदिक्कत लिहिले, कारण गिझर शुद्ध रोधकासारखा वागतो. प्रत्यावर्ती धारेत सर्व उपकरणे तशी नसतात. जुनी ट्यूबलाइट आणि तिचा तांब्याच्या गुंडाळीचा चोक घ्या. तिची धारा ०.४३ अँपिअरच्या आसपास असते; २३० ने गुणले तर ९९ येतात. प्रत्यक्षात नळी आणि चोक मिळून पन्नास वॅटच्या आसपासच घेतात. चोकमुळे धारा विभवांतराच्या मागे पडते, चोक चक्राच्या काही भागात ऊर्जा साठवतो आणि पुढच्या भागात ती तारेत परत करतो, त्यामुळे गुणाकाराचा निम्माच भाग खर्ची पडतो. या प्रमाणालाच पॉवर फॅक्टर म्हणतात, आणि तो माहीत नसेल तर गुणाकाराचे उत्तर वॅटमध्ये न सांगता व्होल्ट-अँपिअरमध्ये सांगावे. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांनाही हाच नियम लागू पडतो, जरी तिथले कारण धारेच्या वेड्यावाकड्या आकारात असते.

याची खातरजमा महागड्या उपकरणाशिवाय करता येते. घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि शेजारी दर युनिटला किती लुकलुक ते छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. बाकी सगळे बंद करून फक्त ती ट्यूबलाइट चालू ठेवावी. ती खरोखर ५० वॅट घेत असेल तर तासाला १६० वेळा, म्हणजे दर साडेबावीस सेकंदांनी दिवा लुकलुकेल. ९९ वॅट घेत असेल तर दर साडेअकरा सेकंदांनी. घड्याळ हातात घेऊन मुलांनी हे पाहिले, की घरगुती मीटर व्होल्ट-अँपिअर न मोजता वॅट मोजतो हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. गिझरसाठी हाच प्रयोग केला तर १० लुकलुकींना साडेपाच-सहा सेकंद लागतात, आणि तिथे गुणाकाराचे उत्तर आणि मीटरचे उत्तर एकमेकांशी जुळते.

वाटेतली हानी धारेच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून मोठी शक्ती दूर न्यायची तर धारा कमी ठेवावी लागते आणि त्यासाठी विभवांतर वाढवावे लागते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर जाणारी एकदिश वाहिनी हे आपल्या राज्यातले मोठे उदाहरण आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट आणि दोन ध्रुवांवरचा दाब अधिक ५०० आणि उणे ५०० किलोव्होल्ट, म्हणजे दोहोंमध्ये १००० किलोव्होल्ट. भागाकार केला की पूर्ण भाराची धारा १५०० अँपिअर निघते. दाब निम्मा असता तर तेवढ्याच शक्तीसाठी धारा दुप्पट आणि त्याच तारांमधली हानी चौपट झाली असती.

राज्याच्या वीजजाळ्यात जे काळजीपूर्वक केलेले असते ते शेतावर बहुतेक वेळा होत नाही, आणि हा विषय मला सर्वांत निकडीचा वाटतो. पाच एचपीच्या मोटरचे यांत्रिक उत्पादन ३७३० वॅट. तिची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती सुमारे ४६६० वॅट विद्युतशक्ती घेते. तीन फेजमध्ये शक्ती म्हणजे तीनचे वर्गमूळ गुणिले फेज-फेजमधला व्होल्टेज गुणिले धारा गुणिले पॉवर फॅक्टर. ४१५ व्होल्ट आणि ०.८ पॉवर फॅक्टरला धारा ८.१ अँपिअर निघते. आता एका फेजचे २४० व्होल्ट ८.१ ने भागून ‘मोटरचा रोध ३० ओहम’ असे कुणी म्हणू नये. मोटर बंद करून तिच्या गुंडाळीचा रोध मोजला तर तो काही थोडे ओहमच भरतो. उरलेले काम फिरत्या चुंबकीय क्षेत्राने निर्माण होणारे विरोधी विभवांतर करते. हीच मोटर अडकून फिरली नाही तर ते विरोधी विभवांतर खूप घटते आणि धारा कित्येक पटींनी वाढते.

व्होल्टेज घसरला की मोटर गिझरच्या उलट वागते. विहिरीतले पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते, मोटरचा वेग थोडाच उतरतो, म्हणून तिला शक्ती जवळपास तेवढीच लागते. व्होल्टेज ३४० झाला तर ढोबळ हिशेबाने धारा ९.९ अँपिअरवर जाते. धारा २२ टक्क्यांनी वाढली म्हणजे गुंडाळीतली उष्णता दीडपटीच्या जवळ गेली. त्याच वेळी सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांशावर आलेला असतो. कमी दाबाने मोटरी जळतात, त्यामागचे गणित हे असे आहे.

अशा वेळी शेतकऱ्याला जाड केबल टाकण्याचा सल्ला मिळतो. तो नेहमी चुकीचा नसतो, पण आधी मोजावे. स्टार्टरपासून मोटरपर्यंत ३०० मीटर केबल, चार चौरस मिलिमीटर तांबे, किलोमीटरला साधारण ५ ओहम. एका वाहकाचा रोध दीड ओहम. ८.१ चा वर्ग गुणिले दीड गुणिले तीन वाहक, म्हणजे सुमारे २९५ वॅट केबलमध्येच जातात आणि मोटरपाशी १७ व्होल्ट कमी पडतात. सहा चौरस मिलिमीटरची केबल घातली तर एका वाहकाचा रोध १ ओहमच्या आसपास येतो, हानी दोनशे वॅटच्या आत आणि घसरण ११ व्होल्टवर. हजार तास पंप चालला तर जवळपास १०० युनिटे वाचतात आणि मोटरला साडेपाच व्होल्ट जास्त मिळतात. पण स्टार्टरच्या आत येणाऱ्या टोकांवर मोटर बंद असताना ४१० आणि चालू असताना ३५२ व्होल्ट दिसत असतील, तर ते ५८ व्होल्ट डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, शेतापर्यंतच्या लाइनमध्ये आणि डीपीमध्येच गेलेले आहेत, आणि त्यापलीकडची केबल कितीही जाड केली तरी ते परत येणार नाहीत. तेव्हा केबलवर पैसे घालवण्याऐवजी मोटर बंद असतानाचे आणि चालू असतानाचे व्होल्टेज, धारा आणि वेळ यांच्या आठवडाभराच्या नोंदी अर्जाला जोडून लाइन आणि डीपीची क्षमता वाढवण्याची मागणी करावी. याउलट स्टार्टरवर ४१० चे ४०२ एवढेच होत असतील आणि मोटरच्या टोकाशी ३८५ मिळत असतील, तर मधले १७ व्होल्ट शेतकऱ्याच्या स्वतःच्या केबलमध्ये आहेत, आणि तिथे सहा चौरस मिलिमीटरच्या केबलचा खर्च खरोखर उपयोगी पडतो.